‘पेशी कमी’ झाल्या की डेंग्यूच, असं नसतं

पावसाळा सरताना आमच्या परभणीत मोबाइलवर एक मेसेज फिरतोय: ‘अप्लास्टिक अ‍ॅनिमिया हा उतारवयातला रक्तक्षय. लोहाच्या गोळ्या आणि गूळ-बीट चालू ठेवा, पेशी घसरल्या तर पपईच्या पानांचा रस द्या. फवारणीच्या विषानेच हा होतो.’ मी रक्तपेढीत काम करते. असल्या मेसेजपायी घरच्यांचे मोलाचे आठवडे जातात, म्हणून लिहितेय.

अप्लास्टिक अ‍ॅनिमिया म्हणजे हाडांतली मज्जा रक्तपेशी पुरेशा बनवेनाशी होते. साठीनंतर हा आजार वाढतो, हे खरं. पण त्याचा पहिला चढ 15 ते 25 या वयात असतो. बारावीचा पोरगा, लग्न ठरलेली पोरगी. ‘या वयात कसा होईल?’ म्हणत घरचे थांबतात. हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर निळे डाग उठतात, आणि डेंग्यू समजून रस पाजणं चालू राहतं. डेंग्यूत घसरलेल्या प्लेटलेट साधारण आठवडाभरात पुन्हा चढू लागतात. इथे लाल, पांढऱ्या, प्लेटलेट तिन्ही खाली जातात आणि खालीच राहतात. तेव्हा कमरेच्या हाडातून मज्जा तपासायलाच हवी. लहान वयात फॅन्कोनीसारखा जन्मजात दोषही बघावा लागतो, त्याचे उपचार वेगळे.

लोहाचं म्हणाल, तर लोह कमी म्हणजे सरपण नाही. इथे चूलच मोडलेली असते. बहुतेकांत शरीराच्याच टी पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) मज्जेतल्या मूळ पेशी मारतात, त्यांच्या जागी चरबी भरते. वर चढवलेल्या रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून सुमारे 200 मिलिग्रॅम लोह अंगात साठतं. त्यात गोळ्यांची भर कशाला?

फवारणीचा संशय अगदीच खोटा नाही. थायलंडमधल्या अभ्यासात कीटकनाशकांशी संबंध दिसला होता. बेंझीन हे रसायन, क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक, कावीळही कारणीभूत ठरू शकते. पण बहुतेक रुग्णांत ठोस कारण सापडत नाही. नवऱ्याने कापसावर फवारलं म्हणून बायकोने स्वतःला दोष देत बसू नये.

मेसेजात नसलेली एक गोष्ट. चाळिशीच्या आतल्या रुग्णाला सख्ख्या भावंडाची मज्जा जुळली, तर प्रत्यारोपण हा पहिला उपाय. प्रत्येक भावंडाची जुळण्याची शक्यता 25 टक्के. नाही जुळली, तर एटीजी आणि सायक्लोस्पोरिन, म्हणजे त्या टी पेशींना आवरणारी औषधं. पण आधीच भावाचं रक्त चढवलं, तर शरीर ते परकं ओळखायला शिकतं आणि पुढे त्याची मज्जा नाकारण्याचा धोका वाढतो. म्हणून बाही वर करून आलेल्या भावाला मी म्हणते, ‘दादा, तुमचं रक्त नको. आधी मज्जा जुळते का बघणारी एचएलए तपासणी करून घ्या, पिशवी आपण दुसऱ्या दात्याची देऊ.’