एकच पद, दोन गायक्या : गुरुजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

गुरुजी, सादर नमस्कार.

‘कट्यार काळजात घुसली’ या चित्रपटावरील माझ्या लेखाला आपण खानापुरातून सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या १९६७च्या नाटकात आणि जितेंद्र अभिषेकींच्या संगीतात भर घालण्याचा अधिकार २०१५च्या चित्रपटाला नव्हता, आणि त्याची स्तुती करून मी संगीत रंगभूमीवर अन्याय केला, असा आपला आक्षेप आहे.

त्यातला एक मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. रंगमंचावरचे पद त्या रात्रीचे असते. लहानपणी बेळगावात वडिलांसोबत पाहिलेल्या एका संगीत नाटकात मागच्या रांगेतून ‘वन्स मोअर’ आला, तेव्हा ऑर्गनवाल्यांनी उचललेले हात पुन्हा पट्ट्यांवर ठेवले, गायकनटाने तबलजीकडे नुसते पाहिले आणि त्याच ओळीत अगदी निराळी जागा घेतली. शेजारी बसलेले कन्नडभाषक गृहस्थ मांडीवर ताल धरून होते. चित्रपटातली तान मात्र एकदा ध्वनिमुद्रित झाली की कायमची तीच राहते. हे मी लेखात लिहायला हवे होते.

परंतु मूळ कृतीला हातच लावू नये, हे मला पटत नाही. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी कालिदासाचे संस्कृत नाटक मराठीत आणून त्यात पदे घातली. १८८०च्या पहिल्या प्रयोगात तर चारच अंक झाले. ज्या परंपरेचा आपल्याला सार्थ अभिमान आहे, ती उभी राहिली तीच अशा रूपांतरावर.

आणि खुद्द ‘कट्यार’मध्ये काय आहे? त्यातले दोन प्रतिस्पर्धी गायक म्हणजे पंडितजी आणि खाँसाहेब. ‘घेई छंद मकरंद’ हे पद पंडितजी धानी रागात गातात, तर खाँसाहेब सलगवराळी रागात. शब्द तेच, पण एकाकडे त्यांचा ठेहराव वेगळा, दुसऱ्याकडे त्यांची झेप वेगळी, आणि दोघांपैकी कुणीही पद बिघडवत नाही. चित्रपटाने हा भेद जपला, म्हणून संगीतकार शंकर-एहसान-लॉय यांची त्यातली नवी गाणी मला उपरी वाटली नाहीत. शिवाय खाँसाहेबांच्या डोळ्यांतली असूया कॅमेऱ्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत पोचते, जी नाट्यगृहात आम्हाला केवळ आवाजातून ओळखावी लागे.

आपण मूळ संचातला प्रयोग पाहिल्याचे लिहिले आहे. त्या रात्री ‘सुरत पिया की’ किती वेळ रंगले होते, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेतले वसंतराव देशपांडे कोणत्या ओळीवर अधिक रेंगाळले होते, ते आठवेल तेवढे जरूर लिहून पाठवावे.