दोन आयपी दिले म्हणजे डीआर उभा राहत नाही

डेटाबेस सांभाळणाऱ्या मुंबईतल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतोय. त्याचा गोषवारा असा: एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) २०१२ पासून वेगवेगळ्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या भागांत) क्लस्टर (एकमेकांची जागा घेणाऱ्या सर्व्हरांचा गट) करता येतो, स्ट्रेच व्हीलॅन (दोन्ही ठिकाणी ताणलेलं एकच नेटवर्क) लागत नाही. लिसनरला, म्हणजे ॲप्लिकेशन ज्या नावानं डेटाबेसशी जोडलं जातं त्याला, दोन्हीकडचा एकेक आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) द्या, विटनेस (बहुमतासाठीचं जादा मत) डीआरला, म्हणजे मुख्य साइट बंद पडली तर काम चालवणाऱ्या दुसऱ्या साइटला, ठेवा, सिंक्रोनस मोड (दुसरीकडे नोंद पोचेपर्यंत थांबणारा) लावा. ॲप्लिकेशनला हात लावायचा नाही, फेलओव्हर (काम दुसरीकडे हलणं) काही सेकंदांत, डेटा शून्य हरवतो, आणि मग बॅकअपचीही फारशी चिंता नको. एवढ्याच भरवशावर आराखडे मंजूर होताना मी पाहतोय, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

स्ट्रेच व्हीलॅनबद्दलचं म्हणणं खरं आहे. विंडोज सर्व्हर २००८ मध्येच नोड (क्लस्टरमधले सर्व्हर) वेगळ्या सबनेटमध्ये ठेवायची सोय झाली होती. एसक्यूएल सर्व्हरनं ती २०१२ मध्ये स्वीकारली. नेटवर्क नावाखाली दोन आयपी असतात आणि त्यातला कोणताही एक ऑनलाइन असला तरी नाव उभं राहतं. पण संदेशात एक गोष्ट गाळलेली आहे. तुमचा क्लस्टर जुन्या पद्धतीचा, शेअर्ड डिस्कवरचा असेल, तर ती डिस्क दुसऱ्या शहरात आपोआप पोचत नाही. स्टोरेजचं रेप्लिकेशन (दुसरीकडे सतत नक्कल पाठवणं) वेगळं करावं लागतं, मग ते स्टोरेज बॉक्सचं असो की विंडोज सर्व्हर २०१६ मध्ये आलेलं स्टोरेज रेप्लिका. अव्हेलेबिलिटी ग्रुप या दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक नोडची स्वतःची प्रत असते, तिथे हा प्रश्न येत नाही.

"ॲप्लिकेशनला हात लावायचा नाही." सगळ्यात जास्त नुकसान या वाक्यानं होतं. एसक्यूएल सर्व्हरमधून लिसनर बनवला की त्याचे दोन्ही आयपी डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीत) नोंदले जातात, पण जिवंत असतो एकच. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये (ॲप्लिकेशनमधल्या जोडणीच्या ओळीत) मल्टीसबनेटफेलओव्हर=ट्रू असेल तर ड्रायव्हर (ॲप्लिकेशनला डेटाबेसशी जोडणारा भाग) दोन्ही पत्त्यांवर एकदम प्रयत्न करतो आणि जो उत्तर देईल तो घेतो. ते नसेल तर जुना ड्रायव्हर पत्ते एकामागून एक तपासतो. मेलेल्या पत्त्यावर विंडोज सुमारे २१ सेकंद वाट बघते, आणि लॉगिनची मुदत साधारणपणे १५ सेकंदांची असते. म्हणजे मेलेला पत्ता आधी आला तर दुसऱ्याची पाळी येण्याआधीच कनेक्शन पडतं. डीएनएस पत्त्यांचा क्रम फिरवत राहतं, त्यामुळे एकाच शाखेत एका खिडकीवर काम चालू आणि शेजारच्या खिडकीवर बंद, असा प्रकार होतो. नेटवर्कवाले लिंक तपासत बसतात, लिंकमध्ये काही सापडत नाही.

मग संदेश लिहिणाऱ्याला हे दिसलं का नाही? डॉटनेट फ्रेमवर्क ४.६.१ पासून ड्रायव्हर पहिल्या पत्त्यावर थोडा वेळ थांबून स्वतःहून बाकीच्या पत्त्यांकडे वळतो. नव्या लॅपटॉपवरून, नव्या ॲप्लिकेशननं चाचणी घेतली की सगळं सुरळीत दिसतं. पण आपल्याकडच्या कार्यालयांत रिपोर्टचं एखादं जुनं साधन, व्हेंडरनं दहा वर्षांपूर्वी दिलेली एक्झी आणि नेटिव्ह क्लायंटचा ओएलई डीबी हा जुना ड्रायव्हर हमखास सापडतो. नेटिव्ह क्लायंटच्या ओएलई डीबीला हा पर्याय कळतच नाही. अशांसाठी क्लस्टरमधलं रजिस्टरऑलप्रोव्हायडर्सआयपी हे सेटिंग शून्य करायचं, म्हणजे डीएनएसमध्ये चालू असलेलाच पत्ता राहतो, आणि होस्टरेकॉर्डटीटीएल, म्हणजे क्लायंटनं पत्ता लक्षात ठेवायचा वेळ, खाली आणायचा. तो मुळात १२०० सेकंद असतो. तसाच सोडलात तर डेटाबेस दुसरीकडे उभा राहिल्यावरही क्लायंट वीस मिनिटांपर्यंत जुन्या पत्त्यावर जात राहू शकतो. ३०० सेकंद ठेवला तरी पाच मिनिटं आहेतच, आणि दोन्हीकडच्या डीएनएस सर्व्हरांनी एकमेकांना बदल कळवायचा वेळ वेगळा.

म्हणून "काही सेकंद" हा आकडा कुणासमोर मांडू नका. विंडोज सर्व्हर २०१६ पासून दुसऱ्या सबनेटमधल्या नोडचे सेकंदाला एक याप्रमाणे २० हार्टबीट (‘मी जिवंत आहे’ असे संदेश) चुकले की तो गेला असं धरलं जातं. २०१२ आर२ मध्ये हा आकडा ५ होता आणि लांबच्या लिंकवर तो फार कडक पडायचा. हे कळल्यावर डेटाबेसची रिकव्हरी, मग क्लायंटची जुळणी. ग्राहकाला जाणवतो तो या सगळ्याचा मिळून वेळ.

आता विटनेस. "डीआरला ठेवा, म्हणजे मुख्य साइट गेली तरी क्लस्टर जिवंत." समजा मुंबईत दोन नोड, हैदराबादला दोन, विटनेसही हैदराबादला. प्रत्येकाचं एक मत, एकूण मतं पाच, आणि चालू राहायला बहुमत लागतं. मुंबईत रस्ता खणताना फायबर तुटली आणि दोन्ही साइटमधली लिंक गेली. मुंबईतले सर्व्हर ठणठणीत, वापरणारेही मुंबईतच, पण मुंबईकडे मतं दोन आणि हैदराबादकडे तीन. बहुमत गमावलेला मुंबईचा भाग स्वतःला बंद करून घेतो, डेटाबेस ऑफलाइन जातो. हैदराबादची प्रत असिंक्रोनस (थोडी मागे राहून भरणारी) असेल तर ती आपोआप प्रायमरी (लिहिणं घेणारी मुख्य प्रत) होत नाही. दोन्ही साइट धडधाकट आणि धंदा ठप्प! डायनॅमिक कोरम, म्हणजे बहुमताचा हिशेब आपोआप बदलणारी सोय, नोड एकेक करून गेले तर मतं जुळवून घेतो. लिंक एका क्षणात तुटली तर आधीचीच मतं मोजली जातात.

विटनेस तिसऱ्या ठिकाणी हवा, आणि त्या ठिकाणाची वाट दोन्ही साइटपासून स्वतंत्र हवी. विंडोज सर्व्हर २०१६ पासून क्लाउड विटनेस आहे, त्याला बाहेर जाणारा ४४३ पोर्ट पुरतो. तिसरी जागा नसेलच तर डीआरच्या नोडांची मतं काढून घ्या आणि विटनेस मुख्य साइटला ठेवा. मग खरी आपत्ती आली की डीआरला कोरम (चालू राहण्यासाठीचं बहुमत) माणसानं हातानं लादायचा, तो हुकूम कोण देणार हे आधी लिहून ठेवायचं. २४ फेब्रुवारी २०२१ आठवा: राष्ट्रीय शेअर बाजारातले व्यवहार ११:४० ला थांबले आणि दुपारी ३:४५ ला पुन्हा सुरू झाले. बाजारानं कारण दिलं ते दूरसंचार लिंकमधल्या बिघाडाचं, आणि व्यवहार डीआरला का हलवले नाहीत याचा खुलासा सेबीनं मागितला. एवढ्या मोठ्या संस्थेलाही हा प्रश्न विचारला जातो, तर उत्तर आपल्याकडे तयार हवं.

"सिंक्रोनस लावा, डेटा शून्य हरवतो." फायबरमध्ये प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. मुंबई-हैदराबाद सरळ रेषेत ६०० किलोमीटरच्या वर, म्हणजे जाऊन यायला किमान ६ मिलिसेकंद. केबल सरळ जात नाही, तेव्हा प्रत्यक्षात जास्तच. सिंक्रोनसमध्ये प्रत्येक कमिट (बदल कायम करणं) तेवढा थांबतो. रात्रीची बॅच एक लाख नोंदी एकेक करून कमिट करत असेल, तर नुसत्या थांबण्यातच दहा मिनिटं गेली. शिवाय सेकंडरीशी (दुसरीकडच्या प्रतीशी) संपर्क तुटला की ठरावीक मुदतीनंतर, मुळात १० सेकंदांनी, प्रायमरी तिची वाट न बघता पुढे जाते. त्या काळात मुख्य साइट गेली तर डेटा हरवतोच. एसक्यूएल सर्व्हर २०१७ पासून किमान इतक्या सेकंडरींनी होकार दिल्याशिवाय कमिट नको, असं बजावता येतं. पण मग सेकंडरी पडली की प्रायमरीवरचं लिहिणंही थांबतं. कोणतं नुकसान सोसायचं हे धंदा चालवणाऱ्यांनी ठरवायचं, डीबीएनं परस्पर नाही.

यावर "मग डीआर नवी मुंबईत, महापे-ऐरोलीला घेऊ" असा सल्ला येतो. सिंक्रोनससाठी ते अंतर उत्तम आहे. पण १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड कोसळली तेव्हा मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई एकाच सकाळी अंधारात गेली. जवळची साइट सिंक्रोनस आणि लांबची असिंक्रोनस, अशी तीन ठिकाणांची रचनाच टिकते. सेबी बाजारांकडून डेटा न हरवण्यासाठी जवळची साइट आणि वेगळ्या भूकंपप्रवण क्षेत्रातली लांबची साइट अशा दोन्ही मागते, ते याचसाठी.

बॅकअपबद्दल एवढंच: अट न घालता चालवलेला डिलीट (नोंदी पुसण्याचा हुकूम) सेकंडरीवरही तितक्याच इमानानं पोचतो.

आणि संदेशात ज्याचा उल्लेखही नाही ते. अव्हेलेबिलिटी ग्रुप फक्त युजर डेटाबेस नेतो. लॉगिन मास्टर या सिस्टीम डेटाबेसमध्ये, जॉब (ठरलेल्या वेळी चालणारी कामं) एमएसडीबी या दुसऱ्या सिस्टीम डेटाबेसमध्ये, ते तिकडे जात नाहीत. एसक्यूएल सर्व्हर २०२२ च्या कंटेन्ड ग्रुपनं (लॉगिन-जॉब सोबत नेणाऱ्या ग्रुपनं) हे बरंचसं सोडवलं, पण बहुतेक ठिकाणी अजून जुन्या आवृत्त्या आहेत. तिथे प्रत्येक नोडवर लॉगिन त्याच एसआयडीनं (अंतर्गत ओळख क्रमांकानं) बनवा, नाहीतर डेटाबेस डीआरला व्यवस्थित उघडतो आणि ॲप्लिकेशनचा युजर मात्र आत शिरू शकत नाही. ड्रिल घ्याल तेव्हा कामाचा अख्खा दिवस डीआरवरून चालवा आणि रात्रीच्या बॅचही तिथूनच जाऊ द्या. राहून गेलेला जॉब तेव्हाच सापडतो.