भावाला गाडीसमोर उभं करणाऱ्या शूरवीरास

सकाळी फोन हातात घेतला तर ग्रुपवर व्हिडिओ. एक महाशय नवीकोरी गाडी सरळ सख्ख्या भावाच्या अंगावर नेतायत. कशाला, तर गाडी आपोआप ब्रेक मारते हे दाखवायला! गाडी थांबली, सगळे खिदळले, खाली टाळ्यांचा पाऊस. माझं डोकं अजून ठिकाणावर नाही.

अरे, जत्रेतला खेळ आहे का हा? काचेमागे, आरशापाशी कॅमेरा असतो, बऱ्याच गाड्यांत पुढे रडारही. कॅमेरा माणसाचा आकार ओळखतो, रडार अंतर आणि वेग मोजतं. धडकेला किती सेकंद उरलेत याचा हिशेब सतत चालू. आधी बीप, तरी तुम्ही ढिम्म राहिलात तर ब्रेक, तोही अगदी शेवटच्या घटकेला. त्यात अॅक्सिलरेटर जोरात दाबलात तर बऱ्याच गाड्या माघार घेतात, चालकाला जायचंच आहे असं समजून. 2015 मध्ये असाच एक व्हिडिओ जगभर फिरला होता. गाडी थांबलीच नाही, समोर उभं राहणाऱ्यांना उडवलं. कंपनीचं म्हणणं आलं, त्या गाडीत पादचारी ओळखणारी सोय बहुधा घेतलेलीच नव्हती. घ्या!

मला आठवतो तो माझा खोकेवाला. तिन्हीसांजेची वेळ, पावसाची भुरभुर, मी चाळीसच्या वेगात. उभ्या ट्रकमागून एक भलंमोठं पुठ्ठ्याचं खोकं रस्त्यावर आलं. खाली दोन पाय, बस. डोकं नाही, खांदे नाहीत. गाडीने हूं की चूं केलं नाही. तिच्या लेखी तो माणूसच नसावा. ब्रेक मी मारला. बॉनेटपासून हातभर अंतरावर खोकं थबकलं, त्याच्या कडेनं एक घामेजलेला चेहरा डोकावला, आणि माफी त्यानंच मागितली. मला!

हो, माहितीये, आता आकडे येतील. अमेरिकेतल्या आयआयएचएस या रस्ते-सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेनं 2022 मध्ये सांगितलं की ही सोय असलेल्या गाड्यांच्या पादचाऱ्यांशी होणाऱ्या धडका 27 टक्क्यांनी कमी आहेत. बरं, मान्य. मीही ती बंद करून ठेवत नाही. पण त्याच अभ्यासात दिवे नसलेल्या अंधाऱ्या रस्त्यावर फरक काहीच नाही. म्हणजे जिथे आपल्याला दिसत नाही, नेमकी तिथेच तीही आंधळी. आणि वेग दुप्पट केलात की ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट जागा लागते, त्यात कुठला कॅमेरा काय करणार?

आता राग जरा उतरलाय म्हणून सांगते. त्या संध्याकाळी माझाही पाय उशिराच गेला. गाडी आपली आपण लेन धरत होती, पुढच्या गाडीशी अंतर राखत होती, मी निवांत टेकले होते. खोकं दिसलं, आणि क्षणभर मी चक्क बीपची वाट पाहिली. बीपची! चाळीसच्या वेगात एका सेकंदात 11 मीटर जातात. तो बिचारा माझ्याकडे बघून ओशाळला होता, आणि मला काच खाली करायचंही सुचलं नाही.

असो. तो व्हिडिओ पुन्हा लावा आणि या वेळी गाडीकडे नको, भावाकडे बघा. गाडी थांबायच्या आधीच तो अर्धं पाऊल मागे सरकलेला आहे.