निरीक्षकांनी काय पाहू नये

स्मृतिभ्रंश झालेल्या प्रौढांच्या शुश्रूषागृहाची तपासणी आपल्याकडे सोपवली गेली असेल, तर भेटीची तारीख व्यवस्थापकांना पुरेशी आधी कळवावी. न सांगता, त्यातही रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी, जाऊन धडकणे हा निव्वळ असभ्यपणा आहे. अशा वेळी एकाच परिचारिकेच्या गळ्यात दोन मजले पडलेले दिसतात आणि मग ते लिहावे लागते.

पोहोचल्यावर थेट कार्यालयात बसावे व नोंदवह्या मागवाव्यात. शुश्रूषागृहात त्यांच्याइतकी ठणठणीत प्रकृती दुसऱ्या कोणाचीही नसते. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची कूस दर दोन तासांनी बदलल्याच्या रात्रभराच्या नोंदी एकाच शाईत, एकाच वळणाच्या अक्षरात आणि पहाटे चारच्या रकान्यातही जराही न डगमगता भरलेल्या आढळल्या, तर त्या लेखनशिस्तीचे कौतुक करावे. चादर उचलून माकडहाड आणि टाचा पाहण्याचा मोह मात्र आवरावा, कारण अंथरुणात पडून झालेल्या जखमा वहीशी सहमत असतीलच असे नाही. पाण्याच्या तक्त्यात सर्वांनी ठरल्या वेळी पेला रिकामा केलेला असतो. तोच पेला हात पोहोचणार नाही अशा मेजावर काठोकाठ भरलेला दिसल्यास तो दुसरा पेला समजावा. वजन महिनोन्‌महिने घटत असेल, तर ‘वय झाले’ हे कारण पुरते. तोंडातली कवळी त्याच व्यक्तीची आहे का, असले प्रश्न विचारू नयेत.

सकाळी अकरा वाजता बैठकीच्या खोलीत सगळेच माना टाकून झोपलेले असतील, तर ‘वातावरण शांत’ असे लिहावे; ती शांतता गुंगी आणणाऱ्या गोळ्यांची आहे का, हे विचारू नये. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ साली नव्या आणि २००८ साली जुन्या मनोविकारविरोधी औषधांवर, स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांमध्ये त्यांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा चौकटीत छापायला लावला हे खरे; पण चौकटीतला मजकूर वाचण्याची सक्ती आपल्यावर कोणी केलेली नाही. आरडाओरड करणाऱ्याला दुखत आहे, बद्धकोष्ठ झाला आहे की लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग आहे, हे शोधायला माणूस लागतो आणि वेळ लागतो. गोळी द्यायला दोन्ही फारसे लागत नाही.

रहिवाशांशी बोलण्यात अर्थ नाही, कारण त्यांना आठवत नाही. एखाद्या विशिष्ट कर्मचाऱ्याची चाहूल लागताच कोणी अंग चोरत असेल, तर तेही आजाराचे लक्षण मानावे. माणसाचे नाव पुसले गेले तरी त्याची भीती मागे उरते, ही शक्यता तपासणीच्या नमुन्यात कोणत्याच रकान्यात बसत नाही. तक्रार करणारे नातेवाईक भेटल्यास त्यांच्या अपराधी भावनेविषयी सहानुभूतीचे दोन शब्द बोलून वाटेला लागावे.

अहवालासाठी गेल्या वर्षीचीच प्रत घ्यावी आणि तारीख बदलावी. मधल्या काळात दगावलेल्यांची नावे मात्र ‘समाधानी रहिवासी’ या यादीतून आठवणीने वगळावीत, नाहीतर बेरीज चुकते.