कॅशियरकी आणि तुमच्या आजीची भाकरी

नमस्कार. ‘एक जुनी वाचक’ अशी सही केलीत म्हणून ताई म्हणतो. राग नसावा. तुमच्या प्रतिक्रियेत तो पुरेसा आहे, माझी भर नको.

वजन उतरवायचं तर आधी किती खाता ते बघा, काय खाता ते नंतर, एवढंच मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं. घरचं खाणं आणि पाकिटातलं खाणं एकाच आकड्यात बसवणं चूक आहे. २०१९ चा अमेरिकेतला प्रयोग मी सोयीस्करपणे गाळला. बदामाच्या कॅलरी छापील आकड्याइतक्या अंगी लागत नाहीत. काट्यावरचं वजन बघून अंगातली चरबी कळत नाही. आणि शेवटी हे, तुमच्याच शब्दांत: ‘शरीर म्हणजे बँकेचं पासबुक नव्हे, पण कॅशियरकीत जन्म गेलेल्याला सगळीकडे जमा-नावेच दिसणार. माझ्या आजीने भाकरी कधी काट्यावर टाकली नाही आणि ती शेवटपर्यंत काटकुळी होती.’

आधी कॅशियरकीचं. सत्तावीस वर्षं मी रोखीच्या काउंटरवर बसलो. त्यात हिणवण्यासारखं काय आहे, हे दोन दिवस विचार करूनही मला कळलं नाही. संध्याकाळी हिशेबात पन्नास रुपये कमी भरले, तर ते सापडेपर्यंत घरी जाता येत नसे. सापडले नाहीत तर खिशातून भरायचे. ‘साहेब, नोटा अगदी कोऱ्या करकरीत होत्या’ असं सांगून कुणाची सुटका झालेली मी पाहिली नाही. तुम्ही मात्र मला नेमकं तेच सांगताय: तूप घरचं होतं, गूळ सेंद्रिय होता, भाकरी चुलीवरची होती. असेल. किती होती?

आणि जुनी वाचक म्हणता, तर मी आठ वर्षं लिहितोय. मुळ्याच्या भाजीवर लिहिलं, गुडघ्याच्या ऑपरेशनवर लिहिलं, वडील गेले तेव्हा लिहिलं. तुमची एक ओळ कधी आली नाही. पहिली आली ती ही. असो.

आता आजी. तुमच्या आजीबद्दल मला आदरच आहे. पण ताई, आजी मोजत नव्हती हे तुम्हाला कुणी सांगितलं? माझी आजी पारनेर तालुक्यातली. तिच्याकडे काटा नव्हता, पण पायली होती, अधोली होती, मापटं होतं, चिपटं होतं. कणगीतली बाजरी सुगीपासून सुगीपर्यंत पुरवायची असे, त्यामुळे रोजचं दळण मापाने निघायचं. पाहुणा आला तर चिपटंभर जास्त, आणि ते दोन दिवसांत कुठून वजा करायचं हे तिच्या डोक्यात पक्कं. तेलाची बुधली महिन्याची. ती वीस तारखेला रिकामी झाली तर उरलेले दहा दिवस कालवण बिनतेलाचं. याला तुम्ही ‘मोजत नव्हती’ म्हणता? माझ्या बँकेच्या शाखेत इतकी शिस्त नव्हती.

पुढे जाऊ. पहाटे जातं, मग विहिरीवरून पाणी, मग शेत, मग सरपण. अंगातून जाणारी ऊर्जा किती, हे मोजायला अंगठीतलं यंत्र लागत नव्हतं. आणि एक गोष्ट तुम्ही बाई असून लिहिली नाहीत, ती मी लिहितो: आजी शेवटी जेवायची. पुरुष उठले, पोरं उठली की टोपल्यात जे उरेल ते तिचं. कधी दीड भाकरी, कधी अर्धी आणि तव्यावरच्या पिठल्याची खरवड. बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडून माझ्या आजीने सुकडी आणि मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी खाल्ली. ती मिलो काही दर्जेदार अन्न म्हणून आली नव्हती. आजी तेव्हाही काटकुळीच होती. अन्नाच्या प्रतीमुळे होती की टोपल्याच्या तळामुळे, हे तुम्हीच ठरवा. आजीची भाकरी फोटोत छान दिसते, म्हणून तिची उपासमार ‘संतुलित आहार’ होत नाही.

शिवाय मागच्या लेखात मी मार्क हाऊब यांचं उदाहरण दिलं, त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘एका माणसावरून सिद्धांत मांडू नये.’ हे कॅन्सस स्टेट विद्यापीठात पोषणशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. २०१० मध्ये दहा आठवडे मुख्यतः क्रीमचे केक आणि चिप्स खाऊन, पण दिवसाला १,८०० कॅलरींच्या आत राहून, त्यांनी बारा किलो घटवले. एका प्राध्यापकावरून सिद्धांत मांडायचा नाही, पण एका आजीवरून चालतो? बरं, ते सोबत प्रोटीन शेक आणि थोड्या भाज्याही घेत होते, हे मी लिहायला हवं होतं. ती चूक माझी.

आणि मी हे पुस्तकातून बोलत नाही. २०१६ मध्ये माझं वजन ९१ किलो होतं. त्याच्या आधीचं वर्षभर मी तुमच्याच पंथात होतो. मैदा बंद, साखर बंद, बेकरी बंद. ज्वारीची भाकरी, घाण्याचं तेल, घरचं तूप, मूठभर बदाम, साखरेऐवजी गूळ, चहाबरोबर बिस्किटाऐवजी शेंगदाण्याचा लाडू. वर्षात चार किलो वाढलो. बायको म्हणाली, ‘काटा घेऊन या.’ स्वयंपाकघरातला छोटा काटा आणला. दिवसभराचं तूप ३५ ग्रॅम भरलं, म्हणजे तीनशेच्या वर कॅलरी. दोन लाडू ९० ग्रॅम, त्या सव्वाचारशेच्या घरात. आणि मी सगळ्यांना सांगत होतो की मी फार कमी खातो! खोटं बोलत नव्हतो, तसं खरंच वाटत होतं. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी, काही केल्या वजन उतरत नाही अशी तक्रार असणाऱ्यांचं खाणं तपासलं, तर ती मंडळी आपलं खाणं सरासरी ४७ टक्के कमी सांगत होती. त्या यादीत माझं नाव शोभलं असतं. मग तीच भाकरी, तेच तूप, फक्त मापात. चौदा महिन्यांत ७६. आजही ७७ च्या पुढे जाऊ देत नाही. अन्न बदललं नव्हतं ताई, माप बदललं.

(बिस्किटांचा पुडा मी आजही घरात ठेवत नाही. तो फोडला की मला चारवर थांबता येत नाही, आणि भाकरी तिसरी घेववत नाही. पण हा माझा स्वभाव झाला, त्याचा कॅलरीच्या हिशेबाशी संबंध नाही.)

‘घरचं, शुद्ध, सात्त्विक’ म्हटलं की मला साबुदाण्याची खिचडी आठवते. साबुदाणा, दाण्याचं कूट, तूप, बटाटा. यात पाकिटातला तयार खाऊ कुठेच नाही. तरी ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच पूर्वजांनी केली ना? त्यांनाही जमा-नावे कळत होतं म्हणायचं.

आता बाकीचं उरकतो.

२०१९ चा केविन हॉल यांचा प्रयोग मी ‘गाळला’ नाही, लेख लांबत होता. वीस जणांना दवाखान्यातच ठेवून दोन आठवडे कारखान्यातलं, दोन आठवडे साधं ताजं अन्न दिलं. ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, चरबी, चोथा दोन्हीकडे सारखा, आणि हवं तितकं खायची मुभा. कारखान्यातल्या अन्नावर लोक रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते आणि त्यांचं वजन सुमारे किलोभर वाढलं, दुसऱ्यावर तेवढंच उतरलं. तुम्हाला हा माझ्याविरुद्धचा पुरावा वाटतो. अहो, वजन वाढलं ते जास्त खाल्ल्याने! ती माणसं जास्त का खात होती हा वेगळा विषय आहे, त्यावर कधीतरी लिहीन.

बदामाचं मात्र तुमचं बरोबर. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२ मध्ये मोजलं, तर २८ ग्रॅम बदामातून छापील १७० च्या जागी १२९ कॅलरीच मिळतात असं दिसलं. मला माहीत नव्हतं. मुठीमागे चाळीस कॅलरी तुमच्या खात्यात जमा.

पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे यूडकिन, या दोन संशोधक डॉक्टरांचा तुम्ही दिलेला दाखलाही वाचला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, आणि चरबी मात्र एकाची २१.२ टक्के, दुसऱ्याची ९.१. याज्ञिक २१.२ वाले, म्हणजे आपल्यातले. महत्त्वाची गोष्ट आहे, पण माझा लेख वजनावर होता. तरी विचारतो, मग आजी ‘काटकुळी’ होती यावरून तरी काय सिद्ध होतं?

इन्सुलिन, झोप, आतड्यातले जिवाणू यांबद्दल तुम्ही चार परिच्छेद लिहिलेत. वाचले.

काहींनी मला फोन करून सुचवलं की असली प्रतिक्रिया काढून टाक. मी काढणार नाही. ती तशीच आहे, तुम्ही लिहिली तशी, ‘कॅलेरी’ आणि ‘पौष्टीक’ सकट.