मतकरींची नाटकं गल्ल्याची होती म्हणे

नाटकवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: रत्नाकर मतकरी मुळात गूढकथाकार. नाटकं त्यांनी गल्ल्यासाठी लिहिली, बालनाट्य हौसेखातर केलं, वर आपलंच लिखाण आपणच बसवलं. म्हणून तेंडुलकर, एलकुंचवार, आळेकर या नाटककारांच्या पंगतीत समीक्षकांनी त्यांना पान मांडलं नाही, आणि ते योग्यच झालं.

पान मांडलं नाही हे खरं. मराठी नाटकावरच्या जाड ग्रंथांत त्यांच्या वाट्याला बहुतेकदा एखादा परिच्छेद येतो. कारणं मात्र साफ चुकीची आहेत.

गूढकथेचा मुद्दा लगेच निकालात निघतो. मतकरींची 'वेडी माणसं' ही एकांकिका 1955 साली मुंबई आकाशवाणीवरून प्रसारित झाली, तेव्हा ते सतरा वर्षांचेही नव्हते. गूढकथाकार म्हणून नाव झालं ते नंतर, आणि टीव्हीवरच्या 'गहिरे पाणी'मुळे ते घरोघरी पोचलं. लोकांना जे आधी दिसलं ते त्यांनी आधी केलं, असं होत नाही.

गल्ल्याचं म्हणाल, तर 1978 पर्यंत हा माणूस बँक ऑफ इंडियात नोकरी करत होता. घर पगारावर चालायचं. त्याच काळात, 1974 मध्ये, त्यांनी 'आरण्यक' केलं. युद्ध संपलंय, धृतराष्ट्र, गांधारी, कुंती आणि विदुर वनात आहेत, आणि सगळं नाटक मुक्तछंदात. गल्ला डोळ्यांसमोर ठेवणारा कुठला नाटककार चार म्हाताऱ्यांना मरणाची वाट बघत रंगमंचावर बसवेल? हेच नाटक चाळीसहून अधिक वर्षांनी मतकरींनी पुन्हा उभं केलं, तेव्हा रवी पटवर्धन आणि दिलीप प्रभावळकर आपापल्या जुन्या भूमिकांत परत आले. एव्हाना नटांची वयं पात्रांच्या वयाला येऊन भिडली होती, आणि संहितेला त्याचा फायदाच झाला.

'जावई माझा भला', 'चार दिवस प्रेमाचे' ही नाटकं व्यावसायिक रंगभूमीवर चालली, हे कोण नाकारतंय? त्यांच्या व्यावसायिक नाटकांपैकी काही मला सैल वाटतात, संवाद गोड करण्याचा मोहही दिसतो. पण 'जावई माझा भला'मधला बाप बघा. मुलीवरचं त्याचं प्रेम आणि तिच्यावरचा त्याचा ताबा एकमेकांपासून सुटत नाहीत. हसत हसत प्रेक्षक त्या बापाची बाजू घेतो आणि मग जरा चपापतो. असं नाटक दादरच्या छबिलदास शाळेत, प्रायोगिकवाल्यांच्या सतरंजीवर झालं असतं तर त्यावर परिसंवाद भरले असते. ते शिवाजी मंदिरसारख्या व्यावसायिक नाट्यगृहात हाउसफुल झालं, म्हणून परीक्षणात 'निखळ करमणूक' एवढ्यावर भागलं.

आता 'लोककथा 78'. फिरणाऱ्या मजकुरात याचा उल्लेखच नाही, कारण ते आलं की अख्खा मुद्दा ढासळतो. बँकेतली पक्की नोकरी सोडली त्याच सुमाराचं हे नाटक. खेड्यातल्या दलितांवरचा अत्याचार, मोठं नेपथ्य नाही, सगळी मदार समूहावर. माणसंच जागा उभी करतात, माणसंच गर्दी होतात. सवर्ण लेखकानं ही गोष्ट सांगावी का, किती सांगावी, हा प्रश्न त्यावर जरूर विचारावा. मला तो आजही महत्त्वाचा वाटतो. पण प्रश्न विचारायचा तर नाटकाची दखल घ्यावी लागते. दखल न घेता 'ते करमणूकवाले' म्हणून मोकळं होणं सोपं.

बालनाट्याला हौस म्हणणाऱ्यांनी तर ते कधी पाहिलेलंच नसावं. सुधा करमरकरांच्या लिट्ल थिएटरनं 1959 मध्ये पडदा उघडला तो मतकरींच्या 'मधुमंजिरी'नं. त्याआधी मुलांचं नाटक म्हणजे बहुधा शाळेच्या गॅदरिंगमधलं उपदेशाचं पान. 1962 पासून मतकरी आणि प्रतिभा मतकरींची 'बालनाट्य' ही स्वतःची संस्था सुरू झाली आणि दशकानुदशकं चालली. त्या नाटकांतला राक्षस खराखुरा घाबरवतो, चेटकीण वाईट असते आणि तरी हवीहवीशी वाटते. मुलांना कुणी कमी लेखत नाही. 'अलबत्या गलबत्या'मधली चेटकीण आधी प्रभावळकरांनी रंगवली. 2018 मध्ये चिन्मय मांडलेकरांच्या दिग्दर्शनात वैभव मांगले त्याच भूमिकेत आले, तेव्हा नातवंडांना घेऊन आलेले आजी-आजोबा आपलंच लहानपण दाखवायला आले होते. इतकी टिकलेली संहिता मोठ्यांसाठी असती तर तिला अभिजात म्हटलं असतं. आणि हौसच म्हणायची, तर पंचाहत्तरी गाठल्यावर ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी 'वंचितांचा रंगमंच' उभा करून, त्यांचे प्रश्न त्यांनाच नाटकांतून मांडायला लावणं, हे कुठल्या हौसेत बसतं?

राहिला आपलंच लिखाण आपण बसवण्याचा आक्षेप. त्या पंगतीतल्या आळेकरांनीही 'महानिर्वाण' स्वतःच बसवलं होतं. त्यांच्याबाबतीत तो गुण ठरतो. मतकरी स्वतः चित्रकार, त्यामुळे नेपथ्याचा विचारही लिहितानाच होत असे. लेखकानंच बसवल्यामुळे काही ठिकाणी नाटकाला बाहेरची कात्री लागली नाही, ही तक्रार मला मान्य आहे. पण ती एकेका प्रयोगाबद्दल, प्रसंग दाखवून करायची तक्रार आहे, आणि तेवढे कष्ट त्या मजकुरात कुणी घेतलेले नाहीत.

संगीत नाटक अकादमीचा 2003 सालचा पुरस्कार त्यांना मिळाला. तो गूढकथांसाठी नव्हता.