ड्रुइड म्हणजे द्रविड? नाही हो

व्हॉट्सॲपवर परत ते फिरतंय की युरोपातल्या केल्ट लोकांचे पुजारी ड्रुइड म्हणजे इथून गेलेले द्रविड, नावावरूनच कळतं म्हणे. नावावरून तर उलटच दिसतं. द्रविड हा शब्द तमिळ या नावाशी जोडलेला, पालीत त्याचं दमिळ होतं.

ड्रुइड हे रोमन सेनानी सीझरने गॉलबद्दल (साधारण आजचा फ्रान्स) लिहिताना लॅटिनमध्ये 'द्रुइदेस' असं दिलंय, जुन्या आयरिशमध्ये 'द्रुई' आहे, अशी रूपं शेजारी ठेवून अभ्यासकांनी मूळ केल्टिक शब्द साधारण *द्रुविद्स असा मांडलाय, आणि ती आधीची चांदणी सजावट नाहीये, हे रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, तुलना करून बांधलंय एवढाच तिचा अर्थ. त्यातला 'विद्' म्हणजे जाणणारा. 'द्रु'वर मात्र वाद आहे, रोमन लेखक प्लिनीने इसवी सनाच्या 1ल्या शतकात तो ग्रीक 'द्रुस' म्हणजे ओक झाडाशी जोडला, काही जण 'पक्कं, ठाम' असा अर्थ घेतात.

आता गंमत अशी की संस्कृतातले वेद, द्रुम, दारु (लाकूड हो, प्यायची नाही, देवदार आठवा) याच इंडो-युरोपीय मुळांचे, म्हणजे संस्कृत, लॅटिन, केल्टिक या सगळ्यांच्या सामायिक पूर्वज भाषेतल्या. म्हणजे संस्कृतशी नातं आहेच, पण चुलत भावंडांचं, आणि फॉरवर्डवाल्यांनी ते सोडून भलतंच धरलंय.